१/√२ लिहिलं म्हणून अर्धा मार्क गेला

प्रश्न: सर, मुलगी नववीत आहे. चाचणीत तिचं उत्तर १/√२ आलं, तिने तसंच सोडलं तर बाईंनी अर्धा मार्क कापला, म्हणे छेदाचं परिमेयीकरण केलं नाही, म्हणजे खालचं √ घालवलं नाही. कॅल्क्युलेटर तर १/√२ आणि √२/२ दोन्हीला ०.७०७१च दाखवतो, मग चुकलं काय? आणि छेदात √५ − √३ आलं की तिची गाडी अडतेच.
– एक आई, सातारा

उत्तर: ताई, चुकलं काहीच नाही, संख्या एकच आहे. प्रश्नात ‘परिमेयीकरण करा’ असं लिहिलं असेल तर बाईंचं बरोबर, नसेल तर मी तरी मार्क कापला नसता.

कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा आणि कागदावर १ ला √२ ने, म्हणजे १.४१४२ ने, भागून बघा, घाम फुटतो. तेच वर-खाली √२ ने गुणून √२/२ केलं की १.४१४२ चं निम्मं करायचं, ते तोंडी होतं, ०.७०७१. हाताने हिशोब करायचे तेव्हा ही सोय फार मोठी होती. आजही थोडा फायदा आहेच. १/(√३ − √२) घ्या, दोनच दशांश स्थळं धरून १.७३ − १.४१ = ०.३२, आणि १ भागिले ०.३२ म्हणजे ३.१२५. परिमेयीकरण केलं तर उरतं नुसतं √३ + √२, म्हणजे ३.१४. खरी किंमत ३.१४६ च्या आसपास, आता कुठलं जवळ गेलं ते तुम्हीच बघा.

आता १/(√५ − √३). माझा अंदाज, ती वर-खाली √५ − √३ नेच गुणत असणार (निम्मा वर्ग हेच करतो!). मग छेदात ८ − २√१५ येतं, करणी (√ वाली संख्या) जागच्या जागी. मधलं चिन्ह बदलायचं, √५ + √३ घ्यायचं, पुस्तकात हिलाच अनुबद्ध जोडी म्हणतात. (a − b)(a + b) = a² − b², म्हणून छेदात ५ − ३ = २ आणि उत्तर (√५ + √३)/२. फक्त अंशालाही गुणायला विसरू नको म्हणावं, नाहीतर संख्याच बदलते.

जमलं की तिला हे द्या: १/(√१ + √२) + १/(√२ + √३) + … असं करत १/(√८ + √९) पर्यंत. आठ पदं बघून वैतागेल, पण प्रत्येकाचं परिमेयीकरण केलं की √२ − १, √३ − √२ असं होत जातं, मधलं सगळं एकमेकांत उडतं आणि राहतं ३ − १. पण हे तिला आधी सांगू नका हं.