नव्या वकिली कार्यालयाला सुरुवातीचा सल्ला

बेळगावात कार्यालय थाटताना सर्वसमावेशकतेचे धोरण लिहीत बसू नका. आधी कनिष्ठ वकील कोठून घेता ते पाहा, कारण ओळखीच्या घरांतीलच मुले घेण्याची चूक बहुतेक जण करतात. खानापूर-निपाणीकडील पहिल्या पिढीच्या वकिलांना पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन द्या. फुकट राबवल्यास घरचा आधार असलेलेच टिकतात. मुलींवर केवळ मसुदे सोपवू नका, उलटतपासणीही द्या (पुरुष अशील कुरकुरतील, कुरकुरू द्या). मराठी अशिलाला कन्नड कागद सहीपूर्वी त्याच्या भाषेत समजावा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रियांना उत्पन्नाच्या अटीविना मोफत विधी साहाय्य मिळते, हे निपाणीच्या विडी कामगार स्त्रियांपर्यंत पोहोचवा. अहवाल, समित्या वगैरे वर्षभराने पाहू.