खापरपणजोबांनी बांधलेला बंधारा शोधायला साक्री भागात जातोय. सुरुवात कुठून करू? तिथे त्यांच्या नावाची पाटी लावता येईल का?

वाड्यापासून सुरुवात करू नका. वाडे पडतात, विकले जातात, वाटणीत मधोमध भिंती उभ्या राहतात. जमीन मात्र जागची हलत नाही. आधी कागद, मग गाव.

आजच्या सातबाऱ्यावरच्या फेरफारांचा माग काढत मागे जा. धुळे जिल्ह्याचे बरेच जुने कागद ‘आपले अभिलेख’वर स्कॅन झालेत, उरलेले तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतील. लोक हमखास अडकतात ते गट नंबरावर. एकत्रीकरणात, म्हणजे विखुरलेले तुकडे सरकारने एकत्र केले तेव्हा, जुने सर्व्हे नंबर जाऊन गट पडले, त्यामुळे आजचा नंबर जुन्या कागदात शोधला की भलत्याच घराण्याची जमीन निघते. एकत्रीकरणाचा उतारा काढून जुना सर्व्हे नंबर मिळवा आणि मगच कडईपत्रक, म्हणजे त्या नंबराच्या जमिनीची जुनी नोंद, मागा. १९०६ पर्यंत धुळे-जळगाव मिळून खानदेश हा एकच जिल्हा होता, त्यानंतरच्या कागदांवर ‘पश्चिम खानदेश’ बघा. तालुकाही जुन्या कागदात साक्री नव्हे, पिंपळनेर सापडेल. मोडी असेल तर अख्ख्या पानाचा सरळ फोटो घ्या. कापलेल्या ओळीवरून मोडीवाल्यालाही काही लागत नाही.

आता बंधारा. पांझरा नदीकाठी घरोघरी ऐकू येतं, “बंधारा आमच्या म्हाताऱ्याने बांधला.” मला हे अजिबात मान्य नाही आणि यावर मी अनेकांशी वाद घातलाय. फडाचा बंधारा एकट्याचा असूच शकत नाही. बंधाऱ्याच्या पाटाखालची जमीन तीन-चार फडांत, म्हणजे मोठ्या भागांत, विभागलेली असते. एका फडात सगळ्यांचं एकच पीक, म्हणजे एकात ऊस तर दुसऱ्यात गहू, आणि दरवर्षी पिकांची फिरवाफिरव. म्हणून प्रत्येक घराचा तुकडा प्रत्येक फडात. पाटातला गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा, पाणी पाटकऱ्याने सोडायचं. यात ‘माझा बंधारा’ बसतो कुठे?

तुमचे खापरपणजोबा या व्यवस्थेत मुळापासून होते का, हे एकत्रीकरणाआधीचा नकाशा आणि कडईपत्रक जोडून पाहिल्यावर दिसेल. पाटाला टेकलेल्या लांबट, चिंचोळ्या पट्ट्या फडाफडांत एकाच नावावर असतील, तर घर जुनं. सगळी जमीन एकाच जागी सलग असेल, तर बहुधा मागून आलेलं.

गावात मे महिन्यात जा. नदी आटलेली असते, बंधाऱ्याच्या पायाचा खडक आणि चुन्यातले जुने थर उघडे पडतात. वेगळ्या दगडाचा पट्टा दिसला तर ती दुरुस्ती समजा. तिथून पाटाच्या कडेने खाली चालत या. माणसाचं नाव विचारू नका, वावराचं विचारा. म्हातारी माणसं आधी “कोना पोऱ्या शे रे भाऊ?” विचारतील, तेव्हा पणजोबांपर्यंतची नावं तोंडपाठ हवीत. पाटकऱ्याच्या घरी नक्की बसा, पाण्याच्या पाळ्या त्यांच्याच लक्षात असतात.

पाटी लावायचीच असेल तर गावकऱ्यांना आधी विचारा आणि त्या पाटकऱ्याचं नावही घाला.

एक राहिलं. चिंचोळ्या पट्ट्या भावांच्या वाटणीनेही पडतात. म्हणून नकाशा वारसाच्या फेरफारांशी ताडून पाहिल्याशिवाय घरी काही सांगू नका.