‘ग्रँट’ म्हणजे अनुदान की देणगी?

प्रश्न असा आहे: अमेरिकेत वांशिक विषमतेवर काम करणाऱ्या ना-नफा संस्थांना पैसे देणाऱ्या एका प्रतिष्ठानची माहितीपत्रिका मराठीत करायची आहे. ‘ग्रँट’, ‘रेशियल इक्विटी’ आणि ‘अंडरसर्व्हड कम्युनिटीज’ यांना काय म्हणावं? ‘वंचित समाजात जातीय समानता आणण्यासाठी अनुदान’ हे चालेल का?

चालणार नाही. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द मराठी वाचकाला भलतीकडे नेतो. सगळ्यात जास्त घोळ ‘अनुदान’ या शब्दाने होतो, म्हणून आधी तोच घेतो.

अनुदान म्हटलं की आपल्याकडे सरकार आठवतं. ठिबकचं अनुदान, घरकुलाचं अनुदान, शाळांचं २०, ४०, ६० टक्क्यांचं टप्पा अनुदान. ‘शाळा ग्रँटवर आली’ असं शिक्षक म्हणतात तेव्हाही पैसे देणारं शासनच असतं. शिवाय सबसिडीलाही आपण अनुदानच म्हणतो. त्यामुळे पत्रिकेवर ‘अनुदान उपलब्ध’ असं छापलं, तर घरोघरची माणसं अर्ज कुठे मिळेल ते विचारायला येतील. पैसे मात्र मिळणार आहेत संस्थेला.

मग ‘देणगी’ म्हणावं का? देणगी दिली, पावती फाडली, की देणारा मोकळा. ग्रँटमध्ये प्रस्ताव, मंजुरी, करारपत्र, हप्ते, खर्चाचा अहवाल असतो आणि अखर्चित रक्कम बहुतेक वेळा परत करावी लागते. हा फरक किती महागात पडू शकतो ते अटलांटाच्या फिअरलेस फंडच्या खटल्यात दिसलं. किमान ५१ टक्के मालकी कृष्णवर्णीय स्त्रियांची असलेल्या उद्योगांसाठी हा फंड स्पर्धा घेऊन २० हजार डॉलरची ग्रँट देत असे. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याविरुद्ध दावा दाखल झाला. आधार होता अमेरिकी कायद्यातल्या कलम १९८१चा. मुळात १८६६च्या नागरी हक्क कायद्यातून आलेलं हे कलम करार करताना वांशिक भेदभाव करायला मनाई करतं. म्हणजे ही ग्रँट करार ठरते का, हाच कळीचा मुद्दा झाला. विजेत्या उद्योजिकेने आपलं नाव आणि छायाचित्र प्रसिद्धीसाठी वापरू द्यायचं आणि वाद झाल्यास लवादाकडे जायचं, अशा अटी स्पर्धेच्या नियमांत होत्या. ३ जून २०२४ रोजी अकराव्या सर्किटच्या, म्हणजे त्या विभागाच्या, अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी सांगितलं की इथे देवाणघेवाण आहे, त्यामुळे हा करार आहे, आणि स्पर्धेला अंतरिम मनाई केली. सप्टेंबर २०२४ मध्ये तडजोड होऊन स्पर्धा कायमची बंद झाली. इथे पैसे घेणारे उद्योग होते, ना-नफा संस्था नव्हत्या. पण वंशाचा निकष लावून ग्रँट देणाऱ्या अनेकांनी त्यानंतर आपली कागदपत्रं पुन्हा तपासायला घेतली.

म्हणून माझं मत असं: कागदावर अटी आणि सही असेल तर ‘देणगी’ लिहू नका. ‘प्रतिष्ठानकडून संस्थांना मिळणारं अर्थसाहाय्य’ असं पहिल्यांदा पूर्ण लिहा, पुढे नुसतं ‘अर्थसाहाय्य’ म्हणा. देणारा सरकारी विभाग असेल तर ‘अनुदान’ बिनधास्त वापरा. तोंडी बोलताना ‘ग्रँट’च म्हणा, ती मराठीत कधीच स्त्रीलिंगी होऊन बसली आहे.

पुढचे शब्द आपल्या ग्रामपंचायतींच्या दप्तरात तयार आहेत आणि ते सोडून नवे घडवायची गरज नाही. ठरावीक कामालाच वापरायचा निधी म्हणजे ‘बंधित’, संस्थेने आपल्या गरजेप्रमाणे वापरायचा तो ‘अबंधित’. पंधराव्या वित्त आयोगाच्या ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित निधीमुळे हे शब्द गावोगाव माहीत आहेत. अमेरिकेतल्या अब्जाधीश दात्या मॅकेन्झी स्कॉट यांनी जुलै २०२० मध्ये ११६ संस्थांना सुमारे १७० कोटी डॉलर दिल्याचं जाहीर केलं. त्यातले ५८ कोटी ६७ लाख डॉलर वांशिक समन्यायाच्या (रेशियल इक्विटीच्या) कामासाठी होते. ते पैसे अबंधित होते, कुठे खर्च करायचे ते संस्थांनीच ठरवायचं होतं.

‘प्रतिपूर्ती’ हा शब्दही विसरू नका. अमेरिकेतल्या बऱ्याच सरकारी ग्रँटमध्ये संस्थेने आधी खर्च करायचा, बिलं जोडायची, मग पैसे येतात. तिथे ‘रक्कम देण्यात येईल’ असं मोघम लिहिलं तर लहान संस्था माणसं नेमून बसते आणि दोन महिन्यांत पगाराला पैसे उरत नाहीत. आस्थापना खर्चाच्या (कार्यालय चालवण्याच्या खर्चाच्या) ओळीतही अशीच चूक होते. ज्या संस्थेने या खर्चाचा स्वतःचा दर सरकारकडून मंजूर करून घेतलेला नाही तिला फेडरल (अमेरिकी केंद्र सरकारच्या) ग्रँटमध्ये हा खर्च १५ टक्क्यांपर्यंत लावता येतो (१ ऑक्टोबर २०२४ पूर्वी १० टक्के). पण हे टक्के पूर्ण रकमेवर धरायचे नसतात. भाडं, मोठी यंत्रसामग्री आणि दुसऱ्या संस्थेला पुढे दिलेल्या रकमेतला ५० हजार डॉलरच्या वरचा भाग आधी वजा होतो. ‘एकूण ग्रँटच्या १५ टक्के’ असं भाषांतर केलं की अंदाजपत्रक चुकलंच.

‘रेशियल’साठी ‘जातीय’ नको. संविधानाच्या मराठी पाठात वंश आणि जात हे वेगळे शब्द आहेत, आणि अमेरिकेतही ते वेगळेच राहिले पाहिजेत: सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये भेदभावविरोधी नियमांत जात स्वतंत्रपणे घातली. ‘वर्णीय’ म्हटलं की चातुर्वर्ण्य आठवतं. ‘वांशिक’ ठीक. ‘इक्विटी’ला ‘समानता’ म्हणू नये, कारण उद्देशिकेतल्या ‘दर्जाची व संधीची समानता’मुळे तो शब्द ‘इक्वॅलिटी’साठी पक्का झाला आहे. दोन वस्त्यांना सारखीच रक्कम देणं ही समानता. जिथे वर्षानुवर्षं दवाखाना नव्हता तिथे जास्त देणं हा ‘समन्याय’. शब्द थोडा कोर्टातला वाटतो, तरी अर्थ नेमका देतो.

‘अंडरसर्व्हड’मध्ये दोष सेवा देणाऱ्यांकडे आहे. ‘मागास’ म्हटलं की तो लोकांवर येतो, आणि ‘वंचित’ला महाराष्ट्रात राजकीय पक्षाचा रंग आहे. ‘सेवावंचित’ लिहा. ‘समाज’ शब्द आपण जातीच्या नावापुढे लावतो, म्हणून ‘समुदाय’ बरा. या शब्दाची व्याप्तीही तपासा. २० जानेवारी २०२१च्या फेडरल आदेशात कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूळ अमेरिकी आणि आशियाई लोकांबरोबर अपंग आणि ग्रामीण भागातले लोकही सेवावंचितांत धरले होते.

तो आदेश २० जानेवारी २०२५ रोजी रद्द झाला. दुसऱ्याच दिवशीच्या नव्या आदेशानुसार, आपण भेदभावविरोधी कायद्यांचा भंग करणारे विविधता आणि समन्यायाचे कार्यक्रम चालवत नाही, असं प्रमाणपत्र फेडरल ग्रँट घेणाऱ्यांकडून मागितलं जाऊ लागलं. म्हणून मूळ मजकुराची तारीख आधी बघा. जानेवारी २०२५ नंतरच्या कागदावर नुसतं ‘कमी उत्पन्नाची कुटुंबं’ असेल तर संस्थेचं जुनं काम माहीत आहे म्हणून त्यात ‘वांशिक’ घालू नका. तो शब्द तिने वकिलाला विचारून काढलेला असू शकतो. शंका आली तर संस्थेलाच विचारा, आणि मराठी पत्रिकेच्या तळाशी ‘मतभेद झाल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरावा’ ही ओळ घाला.