शिक्षक संघटनेची तालुका शाखा सत्कारांशिवाय काय करते? नवीन शिक्षकानं सभासद व्हावं का?

तुम्ही लिहिलंय की 2024 साली पवित्र या सरकारी शिक्षकभरती पोर्टलमधून रत्नागिरी जिल्ह्यात शिक्षणसेवक, म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावरचे शिक्षक, म्हणून लागलात, गाव लातूरकडचं आहे आणि शाळेतले सहकारी संघटनेची सभासद-पावती घ्या म्हणून मागे लागलेत. शाखेचे दोन कार्यक्रम तुम्ही पाहिलेत, दोन्हींत शाल, श्रीफळ आणि भाषणं. म्हणून विचारताय, या सत्कारांसाठी मी वर्गणी का द्यावी?

मी याच जिल्ह्यात 33 वर्षं प्राथमिक शिक्षिका होते. त्यातली 11 वर्षं शाखेची कोषाध्यक्ष. 2022 मध्ये निवृत्त झाले. संघटनेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जिल्ह्यात एकाहून जास्त संघटना आहेत आणि मी सांगतेय ते त्यांतल्या कुठल्याही चांगल्या शाखेला लागू आहे.

सभासद व्हा, असंच मी सांगेन. का ते जरा सविस्तर लिहिते, कारण तुमचा प्रश्न मलाही नोकरीच्या पहिल्या वर्षी पडला होता.

माझी पहिली शाळा डोंगरातल्या एका वाडीवर होती. एसटी जिथे सोडायची तिथून तासभर चाल आणि मध्ये एक पऱ्या, म्हणजे डोंगरातला ओढा. पावसाळ्यात शाळा सुटायच्या वेळी कुणीतरी म्हातारी दारात येऊन सांगायची, "बाई, आज जाव नका, पऱ्याला पानी आलाय." मग तिच्याच घरी मुक्काम. तशात चार महिने पगार नाही. कारण विचारायला गेले तर कार्यालयातल्या माणसानं मान वर न करता सांगितलं, कागद पूर्ण नाहीत. कुठला कागद, ते सांगेना. तेव्हा शाखेचे सचिव असलेले एक गुरुजी शनिवारी सकाळची शाळा करून माझ्याबरोबर त्या कार्यालयात आले आणि बाकावर बसले. पुढच्या शनिवारी पुन्हा बसले. आवाज चढवला नाही, ओळखी काढल्या नाहीत. माझं सेवापुस्तकच, म्हणजे नोकरीतल्या सगळ्या नोंदींचं सरकारी पुस्तक, उघडलेलं नव्हतं, एवढंच त्यातून निघालं. त्यांनी समोर बसून ते उघडून घेतलं, पहिल्या पानावर माझ्या बोटांचे ठसे घेववले आणि म्हणाले, "आता तू नोकरीत आलीस." मी त्या वेळी सभासद नव्हते. पावतीचं त्यांनी नावही काढलं नाही.

शाखेचं खरं काम हे असं असतं आणि ते फोटोत येत नाही. तुमचंच बघा. शिक्षणसेवकाचं मानधन प्राथमिकला 6,000 रुपये होतं, ते 2023 मध्ये 16,000 झालं. त्यामागे अनेक वर्षांची निवेदनं आणि धरणी आहेत. तीन वर्षं पूर्ण झाली की तुमचा नियमित वेतनश्रेणीचा आदेश निघायला हवा, मग वेतननिश्चिती, मग सेवापुस्तकात तिची नोंद. पुढे 12 वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, 24 वर्षांनी निवड वेतनश्रेणी, मधे एखादं आजारपण आणि वैद्यकीय बिल. यातला प्रत्येक कागद कुठल्या ना कुठल्या टेबलावर अडू शकतो. वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेतून तुम्ही त्यामागे किती वेळा फिराल? एक जण तालुक्याला गेला तर दुसऱ्याच्या अंगावर चारही वर्ग पडतात. सहा जणांचे कागद घेऊन एकानं जाणं, यासाठीच शाखा लागते.

बाहेरून आलेल्यांना सहसा ठाऊक नसलेली आणखी एक गोष्ट. विधान परिषदेत शिक्षकांचे मतदारसंघ आहेत, आपल्याकडे कोकण विभागाचा आहे, पण राज्यघटनेच्या 171 व्या कलमाप्रमाणे तिथे मत माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना असतं. प्राथमिक शिक्षकाला नसतं. आपलं म्हणणं मांडायला आपल्याकडे संघटनाच आहे.

आता 2021 बद्दल लिहिते, कारण शाखा म्हणजे काय ते मला तेव्हा नीट कळलं. आदल्या वर्षी 3 जूनला निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे घरांची आणि शाळांची कौलं, पत्रे उडाले होते, त्यातून लोक सावरत होते. तेवढ्यात 22 जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. आमच्या ओळखीचे किती तरी शिक्षक चिपळुणात राहत. पाणी ओसरल्यावर आमच्या शाखेनं टेम्पो केला. पिण्याचं पाणी, खराटे, फावडी, मेणबत्त्या, कोरडे कपडे. तिथे आम्ही कुणाला मदत "वाटली" नाही. चौघा-चौघांनी एकेक घर घेतलं आणि चिखल उपसला. एका बाईंच्या घरात गुडघाभर गाळ होता. फ्रीज आडवा पडलेला, गाद्यांचा लगदा झालेला, ते सगळं त्या शांतपणे बघत होत्या. कपाटातून कागदांची फाइल निघाली आणि तिथे त्यांचा बांध फुटला. डी.एड.चं प्रमाणपत्र, नेमणुकीचा आदेश, बदल्यांचे आदेश, सगळ्याचा एकच चिकट गोळा. "माझी 26 वर्षं गेली हो यात," म्हणाल्या.

पुढचं वर्षभर आमचे दोन सभासद अशा लोकांच्या कागदांच्या दुय्यम प्रती मिळवायला फिरत होते. तेव्हापासून आमच्या शाखेनं पद्धत घातली की प्रत्येक सभासदाच्या आदेशांच्या आणि सेवापुस्तकाच्या पानांच्या स्कॅन प्रती शाखेकडे असतील. तुमच्या शाखेत ही पद्धत नसेल तर तुम्ही सुरू करा, तुम्हा तरुणांच्या हातचं काम आहे.

एक दुःखाची गोष्टही सांगते. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, हे तुम्ही जाणताच. आमचा असाच एक सहकारी 2017 मध्ये सेवेत असताना गेला. मागे बायको आणि दोन लहान मुली. शाखेनं सभासदांकडून एकेका दिवसाचा पगार गोळा केला, ती रक्कम मुलींच्या नावे ठेवली. पण दर महिन्याचं काय, याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. मार्च 2023 मध्ये 14 ते 20 तारखेपर्यंत जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला. मी निवृत्त होते तरी तहसीलसमोर जाऊन बसत होते, त्या दोन मुलींसाठी. त्याच महिन्याअखेर सेवेत मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबांना कुटुंबनिवृत्तिवेतनाची वाट शासन निर्णयानं उघडली. अर्ज भरायला आमच्या शाखेचे लोक त्या सहकाऱ्याच्या बायकोच्या घरी गेले. सहा वर्षांनंतरही ते तिचा पत्ता विसरले नव्हते, याचा मला फार अभिमान आहे.

मग सत्कार. तुमचा खरा रोख त्यावर आहे आणि माझा तुमच्याशी मतभेद आहे तो इथेच.

आमच्या पिढीला शाळेत घालताना गुरुजी सर्रास जन्मतारीख 1 जून लावून टाकत. त्यामुळे 31 मेला निवृत्त होणाऱ्यांची आमच्याकडे रांग लागते. शाळांना सुट्टी, पाऊस तोंडावर आलेला. सुट्टीमुळे निवृत्त होणाऱ्या शिक्षकाला शाळेत निरोप द्यायला मुलंच नसतात. 33-35 वर्षं नोकरी केलेला माणूस रिकाम्या शाळेला कुलूप लावून घरी जातो. तो दिवस शाखेनं धरला नाही तर धरणारं दुसरं कुणी नाही.

शालीला फार पैसे लागत नाहीत. लागतो तो वेळ, मानपत्राला. आम्ही मानपत्राचा छापील मजकूर वापरणं बंद केलं होतं. मार्च-एप्रिलमध्ये आमच्यातले दोघं निवृत्त होणाऱ्या माणसाच्या जुन्या शाळांच्या गावी जायचे आणि लोकांना विचारायचे. सेवापुस्तकात काय असतं? रजा, वेतनवाढी, बदल्या. एका बाईंच्या सेवापुस्तकात एका शाळेसमोर नुसती रुजू झाल्याची आणि कार्यमुक्त झाल्याची तारीख होती. त्या गावात गेलो तेव्हा कळलं की त्या तारखांच्या मधली नऊ वर्षं बाई रोज तरीनं, म्हणजे होडीनं, खाडी ओलांडून यायच्या, आणि चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या वर्षी एका मुलीला त्यांनी तीन महिने स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं, कारण तिच्या घरी दिवा नव्हता. ती मुलगी आज नर्स आहे. तिला आम्ही शोधलं, ती आली. मानपत्र तिनंच वाचलं. बाई खाली मान घालून बसल्या होत्या आणि एवढंच पुटपुटल्या, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

माणसाच्या कामाची अशी नोंद दुसऱ्या कुठल्या दप्तरात होत नाही. आणि ती करता येते ती माणूस अडचणीत असताना त्याच्या घरी जाऊन आलेल्यांनाच. आधार आणि गौरव ही दोन वेगळी कामं आहेत असं मला कधी वाटलं नाही.

तुम्ही पाहिलेले कार्यक्रम तसे नसतील, हे मी मान्य करते. पुढाऱ्यांच्या स्वागतातच दोन तास जातात, उत्सवमूर्ती कोपऱ्यात बसून राहते. शिक्षकांच्या पतपेढीच्या निवडणुकीचं पॅनल डोळ्यांपुढे ठेवून कुणाला शाल द्यायची ते ठरतं. मला याचा फार त्रास व्हायचा आणि मी सभेत उभी राहून तसं बोललेही आहे. पुरस्कारांचंही तसंच. सावित्रीबाई फुले राज्य शिक्षक गुणगौरव पुरस्कारासाठी स्वतःच्या कामाचा प्रस्ताव तयार करावा लागतो. लांबच्या वाडीवर एकहाती शाळा चालवणारी बाई प्रस्ताव करायला बसत नाही. शाखेनं तिच्याकडे जाऊन तो करून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही तीनदा केलं, एकदाही पुरस्कार मिळाला नाही, तरी केलं ते योग्यच होतं.

तेव्हा पावती घेण्याआधी दोन गोष्टी विचारा. सभासदांचे कागद घेऊन कार्यालयात कोण जातं? आणि वार्षिक सभेत जमाखर्च मोठ्यानं वाचला जातो का? पहिल्या प्रश्नाला एखादं नाव मिळालं आणि दुसऱ्याला हो आलं, तर वर्गणी द्या.

पुढेमागे आंतरजिल्हा बदलीनं तुम्ही लातूरला जाल, म्हणून इथे कशाला गुंतू, असंही तुमच्या मनात असेल. आईवडील तिकडे असतील तर जायलाच हवं, त्यात वावगं काही नाही. दर बदलीनंतर आमच्या वाड्यांवरच्या शाळा मात्र उघड्या पडतात. तेव्हा आहात तोवर इथले होऊन राहा.

आत्ता तर शाखेलाच तुमची गरज आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालानं पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण होणं आलं. पन्नाशीला आलेले, वीस-पंचवीस वर्षं पहिलीला वाचायला शिकवलेले शिक्षक रात्री बालमानसशास्त्राचे सराव प्रश्न सोडवताहेत आणि आतून धास्तावले आहेत. तुम्ही ती परीक्षा पास होऊन आलात. रविवारी सकाळी केंद्रशाळेत दोन तास त्यांच्याबरोबर बसा. पावती त्या दिवशी घेतलीत तरी चालेल.