नॉस्टिक मत वाचायला घेताय? मग आधी हे वाचा

नॉस्टिक म्हणजे गूढ ज्ञानातून मुक्ती मिळते असे मानणारे प्राचीन ख्रिस्ती पंथ. सुरुवात मात्र बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायापासून करा. तिथे देव एकेक वस्तू घडवतो आणि ती चांगली असल्याचे पाहतो. सनातनी ख्रिस्ती श्रद्धेचा पाया हाच: परमेश्वर एक, तोच निर्माता, आणि सृष्टी मुळात चांगली. पाप नंतर आले, मातीतून नव्हे. इ.स. 325 च्या नायसियाच्या मतांगीकारातही (चर्चने ठरवलेल्या श्रद्धेच्या घोषणेतही) दृश्य-अदृश्य सर्वांचा कर्ता एकच पिता आहे.

मग 'योहानाचे गुप्त पुस्तक' हा नॉस्टिक ग्रंथ उघडा. 1945 मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ सापडलेल्या हस्तलिखितांत ते आहे. तिथे परमपिता वर्णनापलीकडचा. जग घडवतो तो याल्दाबाओथ, सोफिया या दैवी शक्तीच्या चुकीतून जन्मलेला, अज्ञानी. तो गर्जतो, मी मत्सरी देव, माझ्याशिवाय दुसरा देव नाही. त्यावर ग्रंथकार विचारतो, दुसरा नसेल तर मत्सर कोणाचा? बायबलमधलेच शब्द त्याच्यावर उलटवलेत. ही जागा मला फार मोलाची वाटते. इथे घाई करू नका.

आपल्याकडचा वाचक लगेच 'ही तर माया!' म्हणतो. तो मोह आवरा. अद्वैतातला ईश्वर अज्ञानी नाही, याल्दाबाओथ मात्र अज्ञानी आहे.

इरेनेयस या ख्रिस्ती बिशपने इ.स. 180 च्या सुमारास नॉस्टिकांचे खंडन लिहिले. ते जरूर वाचा, पण विरोधकाची साक्ष म्हणून. आणि सगळे नॉस्टिक एका माळेत ओवू नका. व्हॅलेंटिनस या नॉस्टिक गुरूच्या पंथात निर्माता दुष्ट नसतो, केवळ अजाण असतो.