धक्कादायक प्रसंगाची आठवण इतकी स्पष्ट असते, मग ती अचूकही असते का?
स्पष्ट असते, पण अचूक असेलच असं नाही. भावना तीव्र झाली की मेंदूतला अमिग्डाला (भावना हाताळणारा भाग) शेजारच्या हिप्पोकॅम्पसला (आठवणी घडवणाऱ्या भागाला) जोर देतो आणि प्रसंगाचा गाभा पक्का ठसतो. बारीकसारीक तपशील मात्र निसटतात, आणि पुढे सांगता सांगता त्या जागा नकळत भरल्या जातात.

२८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं. बातमी कुठे, कोणाकडून कळली, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ उल्रिक नाइसर यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं. सुमारे अडीच वर्षांनी ४४ जणांना पुन्हा विचारलं, तर ११ जणांच्या मुख्य गोष्टींपैकी एकही जुळेना! तरी अनेकांना आपल्या आठवणीची पुरेपूर खात्री. मला सर्वात विलक्षण वाटतं ते पुढचं: स्वतःच्या अक्षरातला जुना कागद दाखवूनही मूळ आठवण परत आली नाही.