आधी लिहून ठेव

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. 'रोज रात्री दिवसभराचा विचार करते, तरी कामात तीच ती चूक होते,' हे तुझं वाक्य मनात घर करून राहिलं. तू प्रामाणिक आहेस, यात मला शंका नाही. पण तू सगळा विचार काम संपल्यावर करतेस, आणि तोवर मनाने घडलेल्याची गोष्ट आपल्या सोयीने जुळवून ठेवलेली असते.

हे मी स्वतः अनुभवलंय. नोकरीच्या चौथ्या वर्षी माझ्याकडचं तीन आठवड्यांचं काम सात आठवडे रखडलं. नंतर मी सगळ्यांना सांगत होतो की समोरच्यांकडून माहिती उशिरा येणार हे मला पहिल्यापासून दिसत होतं. अगदी मनापासून सांगत होतो. काही महिन्यांनी भलतंच काही शोधताना माझाच सुरुवातीचा ईमेल सापडला: 'माहितीची काळजी नाही, वेळेवर मिळेल.' मी खोटं बोलत नव्हतो, माझी आठवणच बदलली होती. त्यामुळे त्या सात आठवड्यांतून मी काहीच शिकलो नव्हतो. जे 'मला माहीतच होतं', त्यातून शिकणार काय?

पश्चातबुद्धी हा शब्द आपण टोमण्यासारखा वापरतो, पण मानसशास्त्राने तिचा नीट अभ्यास केलाय. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यांवर जाणार होते. त्याआधी बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी विद्यार्थ्यांना विचारलं, या दौऱ्यांत कोणती गोष्ट घडण्याची किती शक्यता वाटते? दौरे झाल्यावर, तुम्ही तेव्हा काय आकडे दिले होते ते आठवा, असं सांगितलं. जे घडलं असं विद्यार्थ्यांना वाटत होतं, त्याची शक्यता आपण आधीच जास्त धरली होती, असं त्यांना आठवू लागलं. १९७५ साली हे प्रसिद्ध झालं. मला माझा ईमेल आठवला.

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. महत्त्वाचं काम हातात घेण्याआधी तीन ओळी लिही: काय होईल असं वाटतं, किती वेळ लागेल, आणि कुठे अडेल. खाली तारीख टाक. साधी वही पुरे, पण ती फक्त तुझी असू दे. साहेबांना दाखवायची म्हटलं की माणूस आपोआप सावरून लिहायला लागतो.

मग आठवड्यातून एकदा, शेवटच्या दिवशी निघण्याआधी, वीस मिनिटं त्या ओळी समोर घेऊन बस. अमेरिकी सैन्यात सरावानंतर सगळे मिळून, हुद्दा बाजूला ठेवून, चार प्रश्नांवर बोलतात: काय व्हायला हवं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आठवणीतून द्यायचं नसतं, हे ध्यानात ठेव. ते तुझ्या वहीत आधीच असेल.

रात्रीचं जे तू करतेस त्याला मी आत्मपरीक्षण म्हणणार नाही. ते उगाळणं आहे. 'मी अशी का आहे?' या प्रश्नाला उत्तर नसतं, फक्त झोप उडते. त्याऐवजी 'मंगळवारच्या बैठकीत त्यांनी मुदत विचारली तेव्हा मी नेमकं काय म्हटलं?' असं विचार. याचं उत्तर सापडतं आणि ते बदलताही येतं. स्वतःला दोष देणं हे कष्टाचं काम वाटतं, म्हणून आपण त्यालाच सुधारणा समजतो. मी कित्येक वर्षं ही गफलत केली.

चांगलं झालेलंही तपास. अंदाज चुकूनही काम फत्ते झालं असेल, तर ते तसं लिहून ठेव. नशिबाने साथ दिली त्याचं श्रेय आपल्या हुशारीला दिलं की पुढचा फटका मोठा बसतो.

एखादा आठवडा सुटला तर मागचं भरत बसू नकोस. आठवून भरलेली पानं काही कामाची नाहीत. दर तीन महिन्यांनी मात्र सगळं सलग वाच. एकेक पान सुटं वाचताना प्रत्येक वेळी वेगळंच कारण दिसतं. सलग वाचल्यावर मला कळलं की माझं काम दर वेळी एकाच ठिकाणी अडत होतं: मदत मागायला मी उशीर करत होतो. हे कुणी तोंडावर सांगितलं असतं तर मी वाद घातला असता. माझ्याच अक्षरात सहा वेळा लिहिलेलं होतं, म्हणून मानलं.

सोमवारी तुझी ती मोठी बैठक आहे ना? आज रात्री त्या तीन ओळी लिही आणि वही मिटून ठेव. निकाल काय लागला ते मला नंतर कळव, पण आधी काय लिहिलं होतंस, ते पहिलं कळव.

तुझा,
जुना सहकारी